विमान उद्योगाची भाकिते आणि त्यांची पारख

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या परिसरात भारतीय हवामानशास्त्र विभागाचे प्रादेशिक केंद्र आहे. धावपट्टीवरचा वारा, दृश्यता, ढगांची उंची, तापमान आणि हवेचा दाब यांची नोंद विमानतळावर दर अर्ध्या तासाने घेतली जाते आणि ‘मेटार’ या सांकेतिक संदेशाच्या रूपाने ती वैमानिकांपर्यंत पोहोचते. पुढच्या काही तासांत काय घडेल याचा अंदाज ‘टॅफ’ नावाच्या दुसऱ्या संदेशात असतो. जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी ‘सहा ते आठ या वेळेत गडगडाटासह पाऊस’ असा अंदाज दिला गेला, तर तो खरा ठरला की खोटा हे आठ वाजता अंदाज देणाऱ्यालाही कळलेले असते आणि आकाशात घिरट्या घालणाऱ्या वैमानिकालाही. त्याच धावपट्टीवर उतरणाऱ्या विमान कंपन्यांविषयीही जाणकार मंडळी सतत अंदाज वर्तवत असतात. अमुक कंपनी दोन वर्षांत नफ्यात येईल, तमुक कंपनी टिकणार नाही, भाडी वाढतील, प्रवासी दुप्पट होतील, असे हे अंदाज असतात. त्यांची पडताळणी मात्र क्वचितच कोणी करतो, आणि या मंडळींच्या विश्वासार्हतेचा प्रश्न मला वाटते इथूनच सुरू होतो.

विमान उद्योगाचे विश्लेषक म्हणून ज्यांची मते छापून येतात ते सगळे एकाच प्रकारचे नसतात. शेअर दलाली पेढ्यांतले विश्लेषक समभाग घ्यावा की विकावा हे सांगतात, पतमानांकन संस्था कर्जफेडीची शक्यता तपासतात, सल्लागार संस्था विमानतळ आणि सरकारे यांना अहवाल देतात, ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना साऱ्या उद्योगाचे ताळेबंद मांडते, आणि बोइंग व एअरबस या विमाने बनवणाऱ्या कंपन्या पुढच्या वीस वर्षांत जगाला किती विमाने लागतील याचे अंदाज नियमितपणे प्रसिद्ध करतात. यांतला प्रत्येक जण कुणाच्या तरी पैशावर काम करतो. त्यामुळे त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही, पण ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अमेरिकेत २००३ साली दहा मोठ्या वित्तसंस्थांनी संशोधन आणि गुंतवणूक व्यवसाय यांच्यातल्या हितसंबंधांच्या संघर्षाच्या आरोपांवरून सुमारे १४० कोटी डॉलर भरून तडजोड केली होती, हा इतिहास फार जुना नाही.

हेतू स्वच्छ असला तरीही विमान कंपनीच्या नफ्याचा अंदाज बांधणे मुळातच अवघड आहे, आणि त्याचे कारण साध्या अंकगणितात सापडते. समजा, एका कंपनीचे वार्षिक उत्पन्न १०० कोटी रुपये आहे आणि खर्च ९७ कोटी. म्हणजे नफा ३ कोटी. जगभरच्या विमान कंपन्यांचा निव्वळ नफा बऱ्या वर्षातही साधारण याच प्रमाणात असतो. आता विश्लेषकाचा उत्पन्नाचा अंदाज अवघ्या दोन टक्क्यांनी चुकला आणि उत्पन्न ९८ कोटी झाले, तर नफा १ कोटीवर येतो. उत्पन्नाच्या अंदाजात दोन टक्क्यांची चूक कोणत्याही व्यवसायात उत्तम कामगिरी मानली जाईल, पण नफ्याच्या अंदाजात तीच चूक दोन तृतीयांश होऊन बसते. इंधनाचेही तसेच आहे. भारतीय कंपन्यांच्या खर्चात विमान इंधनाचा वाटा सर्वांत मोठा असतो. वरच्या उदाहरणात तो ३५ कोटी धरला आणि इंधन दहा टक्क्यांनी महागले, तर खर्च साडेतीन कोटींनी वाढतो आणि ३ कोटींच्या नफ्याच्या जागी ५० लाखांचा तोटा उभा राहतो. त्यात भाडेपट्ट्याने घेतलेल्या विमानांचे भाडे आणि देखभालीचा बराचसा खर्च डॉलरमध्ये द्यावा लागतो, त्यामुळे रुपया घसरला की ताळेबंद पुन्हा हलतो. दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की उरलेल्या लहान संख्येत सगळ्या चुका गोळा होतात. प्रयोगशाळेत मोजमाप करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे ठाऊक असते.

म्हणजे नफा सांगण्यासाठी आधी तेलाचा भाव सांगता आला पाहिजे. मे २००८ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या विश्लेषकांनी कच्चे तेल पुढच्या सहा महिने ते दोन वर्षांत पिंपामागे १५० ते २०० डॉलरपर्यंत जाऊ शकेल असा अंदाज दिला. जुलैत भाव १४७ डॉलरपर्यंत चढला आणि अंदाज खरा होणार असे वाटू लागले. डिसेंबरमध्ये तो ४० डॉलरच्याही खाली होता. चढ्या भावाच्या भीतीने ज्या विमान कंपन्यांनी ठरलेल्या भावाने इंधनाचे आगाऊ सौदे करून ठेवले होते, त्यांना भाव उतरल्याचा फायदा तर मिळाला नाहीच, उलट त्या सौद्यांवर तोटा सोसावा लागला.

एकेका कंपनीच्या नशिबाची गोष्ट याहून अवघड आहे. गो फर्स्ट ही भारतीय विमान कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिने त्यासाठी इंजिनांच्या अडचणीकडे बोट दाखवले. प्रवासी भरपूर होते, पण इंजिनांअभावी विमाने जमिनीवर उभी होती. मागणीचा अंदाज कितीही अचूक असता, तरी त्यावरून या कंपनीचे भवितव्य कळले नसते.

याउलट एकूण प्रवासीसंख्येचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज बराच भरवशाचा असतो. विमानप्रवास हा लोकांच्या उत्पन्नाशी बांधलेला आहे. मध्यमवर्ग वाढला की प्रवास वाढतो, आणि जगातली हवाई वाहतूक अनेक दशके साधारण दर पंधरा वर्षांनी दुप्पट होत आली आहे. करोनाकाळ याचा उत्तम नमुना आहे. डिसेंबर २०१९ मध्ये आयाटाने २०२० साली विमान कंपन्यांना मिळून २९.३ अब्ज डॉलर नफा होईल असे म्हटले होते. प्रत्यक्षात सुमारे १३७.७ अब्ज डॉलर तोटा झाला. हा दोष आयाटाच्या पद्धतीला देणे अन्याय्य होईल, कारण त्या वेळी विषाणूचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पण त्याच आयाटाने जुलै २०२० मध्ये, जगभर विमाने उभी असताना, वाहतूक करोनापूर्व पातळीवर २०२४ साली परतेल असे सांगितले, आणि २०२४ ची वाहतूक २०१९ च्या पातळीच्या सुमारे चार टक्के वर गेली. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सर्वांत चांगला अंदाज आहे आणि त्याचे कौतुक व्हायला हवे तेवढे झालेले नाही.

याच काळात एका नामांकित सल्लागार संस्थेने मार्च २०२० मध्ये इशारा दिला होता, की सरकारे आणि उद्योग यांनी एकत्र येऊन पावले उचलली नाहीत तर मे महिन्याच्या अखेरीस जगातल्या बहुतेक विमान कंपन्या दिवाळखोर होतील. तसे झाले नाही. पण अमेरिकेने त्याच महिन्यात विमान कंपन्यांच्या पगारांसाठी अब्जावधी डॉलरची मदत मंजूर केली आणि इतर देशांनीही हात दिला. मग इशारा चुकला म्हणायचा की उपयोगी पडला? हवामानाचा अंदाज ऐकून पाऊस थांबत नाही. उद्योगाचे भाकीत मात्र ऐकणाऱ्यांना कामाला लावते आणि त्यामुळे स्वतःच खोटे ठरू शकते. अशा विधानातली ‘जर’ने सुरू होणारी अट गाळून केवळ उरलेले वाक्य मथळ्यात छापणे हा विश्लेषकावरही अन्याय आहे आणि वाचकावरही.

आपला माल विकणाऱ्याच्या अंदाजाकडे मात्र अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे. एअरबसने ए-३८० हे महाकाय विमान २००० साली हाती घेतले, तेव्हा वीस वर्षांत या वर्गाची सुमारे १,२०० विमाने लागतील असा तिचा हिशेब होता, तर बोइंगच्या मते ही मागणी त्याहून फारच कमी होती. दोघांपुढे वाढत्या प्रवाशांचे चित्र सारखेच होते. एअरबसला वाटले की प्रवासी मोठ्या केंद्रांवर गोळा होतील, बोइंगला वाटले की ते मध्यम आकाराच्या विमानांनी थेट मुक्कामी जातील. प्रत्येकीचे भाकीत तिच्या कारखान्यातल्या विमानाला सोयीचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचे ए-३८० सुपूर्द झाले, तेव्हा एकूण आकडा २५१ होता.

केंद्र की थेट, हा प्रश्न नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. देशाच्या मध्याची खूण मानला जाणारा झिरो माइलचा दगड उराशी बाळगणाऱ्या या शहरात जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची विमाने भेटत असत. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला उतरत, टपालाच्या थैल्या एकमेकांना देत आणि पहाटेपर्यंत परत जात. पुढे विमानतळालगत मिहान हा मालवाहतूक आणि उद्योग यांचा प्रकल्प आला, तेव्हा नकाशावरचे हेच मध्यवर्ती स्थान पुढे करून नागपूर हे मालवाहतुकीचे मोठे केंद्र होणार असे ठामपणे सांगितले गेले. मिहानमध्ये माहिती तंत्रज्ञान कंपन्या आल्या, बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल केंद्र २०१५ साली सुरू झाले. पण मालाचे ते केंद्र कल्पनेइतके उभे राहिले नाही. आज दिल्लीहून चेन्नईला विमान तीन तासांच्या आत थेट जाते, आणि मालाचा मोठा हिस्सा प्रवासी विमानांच्या पोटातूनच वाहिला जात असल्याने तो प्रवासी जिथे जास्त तिथेच ओढला जातो. विमानतळाच्या खासगीकरणाची निविदा २०१९ मध्ये ठरली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते रद्द करणे अवैध ठरवले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालयात गेलेली ही वर्षे कोणत्याही वाहतूक अंदाजाच्या तक्त्यात नव्हती.

अंदाजांची पारख करण्याची शास्त्रीय रीत हवामानशास्त्रानेच दिली आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली एक सोपे मोजमाप सुचवले: दिलेली शक्यता आणि प्रत्यक्ष घटना यांतील फरकाचा वर्ग करावा. ‘९० टक्के पाऊस’ म्हटले आणि पाऊस पडला तर गुण ०.०१, नाही पडला तर ०.८१. गुण जितके कमी तितका अंदाज चांगला. नेहमीच ‘५० टक्के’ म्हणणाऱ्याला प्रत्येक वेळी ०.२५ मिळतात, म्हणजे कुंपणावर बसणाराही उघडा पडतो आणि अवाजवी खात्री बाळगणारा तर फारच. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने याच धर्तीवर राजकारण आणि अर्थकारणातल्या २८४ तज्ज्ञांच्या हजारो भाकितांचा सुमारे वीस वर्षे पाठपुरावा केला. सरासरी तज्ज्ञ साध्यासुध्या आडाख्यांपेक्षा फारसा सरस नव्हता, आणि माध्यमांत जास्त झळकणारे तज्ज्ञ कमी प्रसिद्ध तज्ज्ञांपेक्षा अधिक चुकत होते. एकाच मोठ्या सिद्धान्तावर सारे बसवणाऱ्यांपेक्षा अनेक बारीक पुरावे जुळवून मत बदलायला तयार असणारे पुढे निघाले.

मी गेली काही वर्षे एका वहीत विमान उद्योगाची भाकिते उतरवून घेतो. वहीत चार रकाने आहेत: काय घडणार, कोण म्हणाले, कधीपर्यंत, किती खात्रीने. पहिले दोन रकाने प्रत्येक ओळीत भरलेले आहेत. तिसरा निम्म्या ओळींत कोरा आहे, आणि चौथा जवळजवळ सगळीकडे. ‘येत्या काळात’, ‘नजीकच्या भविष्यात’, ‘दबाव राहील’ अशा शब्दांना ब्रायरचे गुण देता येत नाहीत, कारण ती विधाने कधीच चूक ठरत नाहीत. तारीख, आकडा आणि शक्यता देऊन चुकणाऱ्या विश्लेषकाला मी अशा सावध माणसापेक्षा जास्त मानतो, कारण त्याच्या चुकीतून निदान काही शिकता येते.

वहीतल्या नागपूरच्या पानावर एक ओळ माझी स्वतःची आहे. येथील वार्षिक प्रवासीसंख्या गेली काही वर्षे ३० लाखांच्या आसपास आहे. दरवर्षी आठ-नऊ टक्के वाढ सलग टिकली, तर आर्थिक वर्ष २०३०-३१ मध्ये ती ५० लाखांच्या जवळ जाते, पण एखादी कंपनी बंद पडणे, इंजिने नादुरुस्त होणे किंवा टर्मिनलचे काम रखडणे यांपैकी काहीही एकदा घडले तरी दोन वर्षे वाया जातात. म्हणून ‘२०३०-३१ या वर्षात नागपूर विमानतळ ५० लाख प्रवाशांचा टप्पा ओलांडेल’ या ओळीपुढे, चौथ्या रकान्यात, मी ३५ टक्के लिहिले आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे त्या वर्षाचे आकडे आले की ती ओळ तपासून तिच्यापुढे गुण मांडीन.