कार्डिनल एर्कोले कोन्साल्व्ही

(८ जून १७५७ – २४ जानेवारी १८२४). पोप सातवे पायस यांचे राज्यसचिव (पोपच्या राज्यकारभाराचे व परराष्ट्र व्यवहाराचे मुख्य मंत्री) आणि नेपोलियनच्या काळातले रोमचे सर्वांत कसलेले मुत्सद्दी. जन्म रोमचा. कार्डिनल झाले, पण धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही; डीकनच (धर्मगुरूच्या खालची पायरी) राहिले.

१८०० मध्ये व्हेनिसला झालेल्या पोपच्या निवडणुकीचे ते सचिव होते. त्याच वर्षी राज्यसचिवपद मिळाले आणि जून १८०१ मध्ये फ्रान्समधील चर्चच्या स्थानाबाबत नेपोलियनच्या सरकारशी अडलेला करार सोडवायला ते पॅरिसला गेले. जप्त झालेली चर्चची मालमत्ता त्यांनी सोडून दिली. जुन्या बिशपांचे राजीनामे मागण्याचेही कबूल केले. अडले ते पहिल्या कलमावर. सार्वजनिक उपासनेला ‘पोलिसी नियमांची’ अट हवी, असा फ्रेंचांचा हट्ट होता. मोघम अट म्हणजे सरकारला मोकळे रान, हे कोन्साल्व्हींनी ओळखले. त्यांच्या आठवणींनुसार १३ जुलैला सहीसाठी पुढे आलेला मसुदा ठरलेला नव्हताच. वाचताना ते ध्यानात येताच त्यांनी सही नाकारली. जोसेफ बोनापार्टच्या घरी रात्रभर घासाघीस झाली. (या आठवणी दहाएक वर्षांनी हद्दपारीत लिहिलेल्या, तेव्हा बाजू एकच.) अखेर ‘सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक’ एवढ्यापुरतीच ती अट राहिली आणि १५ जुलैच्या तारखेने १७ कलमांचा करार झाला. मात्र काय आवश्यक, हे सरकारनेच ठरवायचे होते. एप्रिल १८०२ मध्ये नेपोलियनने रोमला न विचारता चर्चवर सरकारी नियंत्रण आणणारी ७७ ‘ऑर्गॅनिक’ कलमे कराराला जोडली.

१८०६ मध्ये नेपोलियनच्या दबावामुळे त्यांना पद सोडावे लागले. १८१० मध्ये नेपोलियनच्या दुसऱ्या लग्नाला १३ कार्डिनल गेले नाहीत. त्यांत हेही होते. सर्वांची लाल वस्त्रे काढून घेतली गेली, म्हणून ‘काळे कार्डिनल’ हे नाव पडले. कोन्साल्व्हींची रवानगी रेम्सला झाली.

नेपोलियनच्या पाडावानंतर ते पुन्हा राज्यसचिव झाले. त्यांचे सर्वांत मोठे यश युरोपची फेरमांडणी करणाऱ्या व्हिएन्ना परिषदेतले (१८१४–१५). फौजेचे बळ नसलेल्या पोपला बोलोन्या, फेरारा, राव्हेन्ना आणि मार्केचा प्रदेश परत मिळाला. फ्रान्समधले आव्हिन्यों, पूर्वी पोपच्या ताब्यातले, मात्र गेले, आणि फेरारा व कोमाक्किओत ऑस्ट्रियाला शिबंदी ठेवायचा हक्क द्यावा लागला. १८१६ मध्ये त्यांनी पोपच्या राज्याच्या कारभाराची फेरआखणी केली, छळ करून जबान्या घेणे बंद केले. जुन्या वळणाच्या कार्डिनलांना हे रुचले नाही. १८२३ मध्ये बारावे लिओ निवडून येताच त्यांचे पद गेले. पुढच्या जानेवारीत मिशन-कार्य पाहणाऱ्या प्रोपागांडा खात्यावर त्यांची नेमणूक झाली. मुंबईचे कॅथलिक मिशन याच खात्याखाली होते. काही दिवसांतच ते वारले. सातव्या पायसच्या समाधीसाठी त्यांनी पैसे ठेवले होते. सेंट पीटर्समधली ती समाधी डॅनिश प्रॉटेस्टंट शिल्पकार थोर्वाल्डसेन यांनी घडवली.