नवा पिकअप मागवण्याआधी तारांचं अंतर मोजा

पिकअप (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) बदलायला आलेल्या ग्राहकाच्या गिटारवर आम्ही सगळ्यात आधी पट्टी धरतो. चुंबक अल्निकोचं घ्यायचं की सिरॅमिकचं, आवाज गरम (जोरकस) हवा की गोड, हे सगळं नंतर ठरवू. पिकअप जिथे बसणार आहे, नेमक्या त्या जागी जाड ई आणि बारीक ई या टोकाच्या दोन तारांमध्ये किती मिलिमीटर अंतर आहे, हे आधी कळलं पाहिजे. पिकअपच्या सहा पोलांचं (प्रत्येक तारेखालच्या खुंट्यांचं) टोकापासून टोकापर्यंतचं अंतर त्याला जुळणारं हवं, आणि बाजारातल्या सगळ्या पिकअपमध्ये ते सारखं नसतं.

हा फरक जुना आहे. फेंडर कंपनीने 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, ही गिटार आणली. तिच्या पिकअपचे टोकाचे पोल एकमेकांपासून सुमारे 52 मिलिमीटरवर असतात. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी तयार केलेला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) 1957 मध्ये गिटारवर आला, त्यात हेच अंतर 49 च्या आसपास आहे. पुढे लोक स्ट्रॅटच्या बॉडीत हंबकर बसवू लागले आणि तारा पोलांच्या बाहेर जाऊ लागल्या. मग रुंद हंबकर निघाले. डायमार्झिओ कंपनी त्यांना एफ-स्पेस्ड म्हणते (सुमारे 51), सेमूर डंकन ट्रेमबकर म्हणते (52 च्या थोडं पुढे). नावं वेगळी असली तरी दोन्ही रुंद ब्रिजसाठीच (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आहेत.

तारा समांतर नसतात. नटपाशी (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, वरच्या टोकाची खाचांची पट्टी) त्या जवळ असतात आणि ब्रिजकडे जाताना पसरत जातात. 648 मिलिमीटर स्केलची (नट ते ब्रिज लांबी), आजच्या ब्रिजची स्ट्रॅट घ्या. ब्रिजवर 52.5, नटवर 35. म्हणजे ब्रिजपासून दर 10 मिलिमीटरला अंतर साधारण पाव मिलिमीटरने कमी होतं. ब्रिज पिकअपवर ते 51.5 च्या जवळपास भरतं, नेक पिकअपवर 48. म्हणून अशा तीन पिकअपच्या गिटारसाठी ब्रिजला 52 आणि बाकी दोन्हींना 50 असे सेट मिळतात. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर मात्र अंतर 56 हून थोडं जास्त असतं, तिथे हा हिशोब पूर्ण बदलतो. म्हणून फक्त ‘स्ट्रॅट आहे’ एवढं सांगून भागत नाही.

मोजताना तारा चढवलेल्या आणि सुरात हव्यात. प्लास्टिकची पट्टी घ्या. स्टीलची पट्टी किंवा व्हर्नियर पिकअपचं चुंबक ओढून घेतं आणि पोलांच्या कडा खरचटतात. पट्टी तारांवर आडवी धरा, पिकअपच्या बरोबर वर, आणि जाड ईच्या बाहेरच्या कडेपासून बारीक ईच्या बाहेरच्या कडेपर्यंत वाचा. आलेल्या आकड्यातून 0.7 वजा करा. दहा-शेहेचाळीसच्या सेटमध्ये (बारीक ई 0.010 इंच, जाड ई 0.046 इंच) दोन्ही तारांची अर्धी-अर्धी जाडी मिळून तेवढी होते, आणि आपल्याला मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर हवं आहे. पोल सगळे एकाच जाडीचे, त्यामुळे ते मोजणं सोपं: पहिल्या पोलाच्या डाव्या कडेपासून सहाव्याच्या डाव्या कडेपर्यंत.

आकडा काढण्याआधी एक मिनिट नुसतं वरून बघा, एक डोळा मिटून. दोन्ही ई पोलांच्या बाहेरच्या बाजूला असतील, किंवा दोन्ही आतल्या बाजूला, तर पोलांचं अंतर जुळत नाही. पण दोन्ही एकाच बाजूला सरकलेल्या असतील, म्हणजे जाड ई बाहेर आणि बारीक ई आत, तर पिकअपचा काही दोष नाही. बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) गिटारमध्ये बहुतेक वेळा नेक खाचेत किंचित तिरका बसलेला असतो. तारा सैल करायच्या, नेकचे स्क्रू थोडे ढिले करायचे, नेक हव्या त्या बाजूला दाबून धरायचा आणि स्क्रू पुन्हा आवळायचे. नवा पिकअप घ्यायला आलेले काही जण आमच्याकडून एवढंच करून घेऊन गेले आहेत.

थोडाफार फरक असला तर घाबरू नका. स्ट्रॅटचा पोल जवळजवळ पाच मिलिमीटर जाड असतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या कडांपलीकडेही पसरलेलं असतं. तार मध्यापासून मिलिमीटरभर सरकली तर कानाला सहसा कळत नाही. गिब्सनच्या जुन्या लेस पॉल गिटारमध्ये नेकला आणि ब्रिजला एकाच अंतराचे हंबकर असत. नेकवर तारा पोलांच्या आतच पडत, तरी तो नेकचा आवाज आजही लोक शोधत फिरतात. शिवाय तुम्ही तार बेंड करता, म्हणजे बोटाने बाजूला ओढता, तेव्हा ती पोल सोडून कितीतरी लांब जातेच.

खरी अडचण येते ती तार पोलाच्या कडेबाहेर गेल्यावर. एकदा आम्ही जुन्या पद्धतीच्या ब्रिजच्या एका गिटारला न मोजता 49 चा हंबकर लावून दिला. तारांचं अंतर तिथे 55 होतं, म्हणजे दोन्ही ई पोलांपासून तीन-तीन मिलिमीटर बाहेर. आठवड्याने तो मुलगा परत आला. बारीक ई सोलोत दबत होती, शेजारची बी तार मात्र खणखणीत. पिकअप वर घेऊन उपयोग झाला नाही, उलट मधल्या तारा आणखी पुढे आल्या. शेवटी रुंद हंबकर लावला आणि दोन्ही वेळची मजुरी घेतली नाही. तेव्हापासून पट्टीशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

इतका मोठा फरक असेल आणि रुंद पिकअपही पुरत नसेल, तर सुट्या पोलांऐवजी सलग पाती असलेला पिकअप घ्या. पातीवर तार कुठेही असली तरी चालते. आवाजाची जात थोडी बदलते, ती आधी ऐकून बघा.

आणि कव्हर. प्लास्टिकचं असो वा धातूचं, त्याची भोकं ठरावीक अंतरावर असतात. 50 च्या कव्हरमध्ये 52 चे पोल शिरत नाहीत. दाबून बसवायला जाऊ नका, सिंगल कॉइल (एका कॉइलच्या) पिकअपमध्ये पोल हलून आतली केसासारखी तार तुटली की पिकअप गेला.

ऑर्डर देताना आम्हाला तीन आकडे पाठवा: ब्रिज, मधला आणि नेक, प्रत्येक पिकअपच्या वरचं तारांचं अंतर. सोबत सरळ वरून काढलेला एक फोटो. हंबकर असेल तर जुन्या पिकअपच्या पोलांचा आकडाही लिहा. मोजणं जमत नसेल तर गिटार दुकानात घेऊन या, मोजायचे पैसे आम्ही घेत नाही.