परसातील कोंबड्यांचा पूरक आहार

घराच्या आवारात, गोठ्याच्या कडेला किंवा बांधावर मोकळ्या फिरून पोट भरणाऱ्या कोंबड्यांना मालकाने वरून घातलेले खाद्य म्हणजे पूरक आहार. गावात त्याला नुसते ‘दाणा’ म्हणतात, मग त्यात प्रत्यक्ष दाणा असो वा नसो. तांदळाची कणी, खळ्यावरचे मातेरे, शिळी भाकरी, भाजीचे देठ, सुकटीची कुटी, शिंपल्यांचा चुरा हे सगळे त्यातच मोडते. पिंजऱ्यातल्या अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम तयार खाद्य लागते आणि तिचे सगळे पोषण त्यातूनच होते. परसातली देशी कोंबडी बरेचसे स्वतः उकरून मिळवते, त्यामुळे तिला 30 ते 50 ग्रॅम वरखाद्य पुरते असा सर्वसाधारण हिशेब आहे. गिरीराज, वनराजा अशा अंगाने भारी सुधारित जातींचे एवढ्यावर भागत नाही. त्यांना देशी कोंबडीच्या भावात दाणा घालायचा आणि अंडी मात्र जास्त मागायची, ही तक्रार मालकाची असली तरी दोष कोंबडीचा नसतो.

परसात काय मिळते हे ऋतूवर ठरते. पावसाळ्यात गांडुळे, किडे, कोवळे गवत भरपूर, म्हणजे प्रथिने आणि जीवनसत्त्वे मुबलक; पण सांडलेले धान्य जवळपास नाही. सुगीनंतर उलट होते. खळ्यावर आणि कापलेल्या रानात ज्वारी, बाजरी, भात टिपायला मिळतो, ऊर्जा भागते, पण जमीन सुकत जाते तसे किडे आटतात. उन्हाळ्यात दोन्हींची मारामार. याचा अर्थ वरखाद्यही ऋतूप्रमाणे बदलायला हवे. बहुतेक घरांत मात्र बारा महिने दिवेलागणीला मूठभर धान्यच फेकले जाते. ही सवय कोंबड्यांना खुराड्याकडे वळवायला उत्तम आहे; संध्याकाळी गोळा झालेल्या कोंबड्या मोजून होतात, आजारी कोण आहे तेही कळते. पोषणाच्या दृष्टीने मात्र जे थोडेफार मिळतच असते त्याचीच त्यात भर पडते.

कोंबडीचे पोट भरले की नाही हे पाहायला वजनकाटा लागत नाही. संध्याकाळी खुराड्यात घेताना तिच्या छातीच्या वर, उजव्या अंगाला बोटांनी चाचपावे. तिथे अन्न साठवणारी पिशवी असते. दिवसभर नीट चरलेल्या कोंबडीची पिशवी टपोऱ्या लिंबासारखी भरलेली, पण मऊ लागते. सकाळी ती रिकामी झालेली असावी. संध्याकाळीच रिकामी लागली तर दाणा वाढवावा. सकाळीही टणक भरलेली लागली तर लांब गवत, दोरा किंवा प्लॅस्टिक अडकल्याची शंका घ्यावी. पुढचे दळण पेषणीत, म्हणजे जाड स्नायूंच्या जठरात होते आणि त्यासाठी लागणारे खडे मोकळी कोंबडी स्वतः टिपते. गच्चीवर किंवा फरशीवर पाळलेल्या कोंबड्यांना ते मिळत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे जाडसर वाळू ठेवावी लागते.

परसात सर्वांत हमखास कमी पडते ते कॅल्शियम. एका अंड्याच्या कवचात सुमारे दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम ज्वारीतून मिळते 25 ते 30 मिलिग्रॅम. म्हणजे धान्याच्या मुठी कितीही वाढवल्या तरी एका कवचाचीही बेगमी होत नाही. ही तूट कोंबडी आधी स्वतःच्या हाडांतून भरून काढते, मग पातळ कवचाची, कधी नुसत्या पडद्याची अंडी घालते आणि शेवटी अंडी थांबवते. कोकणात यावर उपाय दारातच असतो: कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले फोडून तूरडाळीएवढे तुकडे करायचे. देशावर चुनखडीची खडी चालते. अंड्यांची टरफलेही चालतात, पण ती उकळून किंवा भाजून अगदी बारीक चुरावीत. अर्धे टरफल ओळखू येईल असे टाकले तर कोंबडीला खुराड्यातले अंडे फोडून खाण्याची चटक लागू शकते आणि ती मोडणे महाकठीण. कवच मुख्यतः रात्री तयार होते, म्हणून चुरा दुपारनंतर खाण्यात येणे चांगले. तो दाण्यात मिसळू नये, वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरची कोंबडी गरजेपुरता उचलते. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि पिल्ले फारसा तोंड लावत नाहीत आणि ते योग्यच, कारण अंड्यावर येण्याआधी जादा कॅल्शियम गेले तर मूत्रपिंडे बिघडतात.

दुसरी तूट प्रथिनांची. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने हवीत, लहान पिल्लांच्या खाद्यात 20 टक्क्यांच्या आसपास. तांदळाच्या कणीत ती सात-आठ टक्के, मक्यात नऊ, ज्वारी-बाजरीत दहा ते बारा. शेंगदाणा पेंडीत मात्र चाळीस टक्क्यांच्या वर असतात, त्यामुळे भरड्यात थोडी पेंड मिसळली तरी फरक पडतो. किनारपट्टीवर सुकटीचा आणि जवळ्याचा चुरा घालतात. तो खारवलेला नसावा, कारण कोंबडीला जादा मीठ पचत नाही. पिसे झडण्याच्या काळात प्रथिनांची गरज आणखी वाढते, कारण पीस जवळजवळ सगळे प्रथिनाचेच असते. त्या दिवसांत अंडी बंद होतात म्हणून दाणा तोडणारे लोक आहेत; तेव्हाच खरे तर चांगले खाऊ घालायला हवे.

पिल्लांसाठी वाळवीची जुनी युक्ती आहे. मडक्यात ओलसर शेण, भुसकट आणि फाटक्या गोणपाटाचे तुकडे भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ पालथे घालायचे. सकाळी आत वाळवी भरलेली असते. मडके पिल्लांपुढे रिते केले की क्षणात फस्त होते, आणि पहिल्या काही आठवड्यांत एवढे ताजे प्रथिन दुसरे कुठले मिळत नाही. पिल्लांचा भरडा डालग्याखाली ठेवावा आणि डालगे एका कडेला विटेवर जरासे उचलावे. पिल्ले आत शिरतात, मोठ्या कोंबड्या बाहेर राहतात. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या छोट्या वनस्पतीचा अलीकडे फार बोलबाला आहे. वाळलेल्या अझोल्यात 20 ते 25 टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. पाटीभर अझोला वाळवला तर ओंजळभर उरतो. हिरवा चारा म्हणून तो छान आहे. पेंडीऐवजी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

हिरव्या चाऱ्याचे महत्त्व बलकाच्या रंगात दिसते. मेथी, कोथिंबिरीचे देठ, लसूणघास, शेवग्याचा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांतल्या रंगद्रव्यांनी बलक केशरी होतो. कणी आणि ज्वारीवरच्या कोंबडीचा फिकट राहतो. गावठी अंड्याला बाजारात जादा भाव मिळतो तो बराचसा या रंगावर. पण झेंडूचा अर्क घालून पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही गडद करता येतो, त्यामुळे रंगावरून पोषण ठरवणे धाडसाचे आहे. सुबाभळीचा पाला मात्र टाळावा, त्यातले मिमोसिन कोंबड्यांना बाधते.

महाराष्ट्रातल्या शेतकरी घरात धोका बहुधा स्वयंपाकघरापेक्षा कोठारात असतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारे घटक असतात. ते भाजून किंवा शिजवूनच घालावे. म्हशीसाठी आणलेली सरकी पेंड कोंबड्यांना घातली तर तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. एरंडी पेंड सरळ विषारी. बुरशी आलेला मका आणि शेंगदाणा पेंड ‘कोंबड्यांना चालते’ म्हणून बाजूला काढली जाते, ती सर्वांत वाईट. 1960 साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. पेरणीच्या दिवसांत बीजप्रक्रिया केलेले उरलेले रंगीत बियाणे उकिरड्यावर टाकले, की सकाळी मेलेल्या कोंबड्या दिसतात आणि ‘मर आली’ असे म्हटले जाते.

खरकटे घालायला हरकत नाही, पण लोणचे, पापड, खारट रस्सा, बटाट्याच्या हिरव्या साली, कच्चा राजमा, चॉकलेट आणि अव्होकाडो त्यात नसावेत. आंबलेला भात तासाभरात न संपल्यास उचलावा. ब्रिटनमध्ये 2001 च्या लाळ्या-खुरकूत साथीनंतर स्वयंपाकघरातले उरलेसुरले अन्न कोंबड्यांना घालायला कायद्याने बंदी आली, ती हौसेने पाळलेल्या दोन-चार कोंबड्यांनाही लागू आहे. आपल्याकडे तसा निर्बंध नाही. चिकनचे खरकटे मात्र रोगाच्या भीतीने टाळलेलेच बरे.

उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि खाणे कमी करतात. तेव्हा दाणा सकाळी लवकर आणि संध्याकाळी घालावा, दुपारी कलिंगडाची साल, काकडी, पातळ ताक द्यावे. दुधापेक्षा ताक बरे, कारण दुधातली साखर त्यांना पचत नाही. लसूण आणि हळद घालण्याचा प्रघात सगळीकडे आहे. त्याने नुकसान नाही, पण राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावर त्याचा उपयोग नाही. त्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लसच द्यावी लागते.

शहरात बंगल्याच्या आवारात चार कोंबड्या पाळणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. तिथे गोणीतले संतुलित खाद्य आधीच चालू असते आणि वरचा खाऊ लाडाने घातला जातो: मका, शेंगदाणे, पोळीचे तुकडे, उरलेला भात. हा खाऊ एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांपलीकडे गेला तर कोंबडी तयार खाद्य सोडून त्याचीच वाट पाहते, अंगावर चरबी धरते, यकृत चरबीने भरते आणि अंडी कमी होतात.