अलिबागला एका दिवसात बोटीने जाऊन यायचं का? बुकिंगआधी हे वाचा

आमच्याकडे चौकशीला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "अलिबागला बघण्यासारखं काय आहे?" आम्ही आधी तारीख विचारतो आणि भिंतीवरची दिनदर्शिका काढतो. बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण तुम्ही निवडलेल्या दिवशी त्यातलं किती हाती लागेल, हे तिथीवर ठरतं. म्हणून हे पत्रक. आमच्यामार्फत जा किंवा स्वतःचे स्वतः जा, हिशेब तोच आहे.

आधी तास मोजा

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटीने साधारण तास लागतो. मांडवा जेट्टीपासून अलिबाग सुमारे २० किलोमीटर. गेटवेहून सुटणाऱ्या कॅटामरान बोटींच्या कंपन्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, बोट लागली की बस सुटते. बसला पाऊण तास पुरतो, शनिवार-रविवारी चोंढीच्या नाक्यावर गर्दी असली तर जास्त. गेटवेची तपासणी, रांग, बोट भरेपर्यंतचा वेळ धरला तर घर ते गेटवे सोडून एका बाजूचे अडीच तास होतात. जाऊन-येऊन पाच.

परतीची शेवटची बोट संध्याकाळी लवकर सुटते आणि तिची वेळ मोसमाप्रमाणे बदलते. ती पकडायची तर अलिबागहून दीड तास आधी निघालेलं बरं. म्हणजे पहाटेची पहिली बोट धरली तरच गावात सहा-सात तास मिळतात. "आरामात दहाच्या बोटीने निघू" म्हणणाऱ्यांना आम्ही सरळ सांगतो की तुम्हाला जेवण आणि किनाऱ्यावरची एक फेरी मिळेल, किल्ला विसरा. तेवढ्यासाठी पाच तास प्रवास करायचा का, हे तुम्ही ठरवा. आमचं मत विचाराल तर नाही.

किल्ला तिथी बघून

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. ओहोटीला वाळूतून आणि खडकांवरून चालत जाता येतं, नाहीतर घोडागाडी मिळते. भरतीला वाट पाण्याखाली जाते. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र फार कोणी सांगत नाही.

किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती, तिथून सव्वासहा तासांनी म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी, दुपारी चारच्या सुमारास पुन्हा भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब सारखाच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना १५ धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघावाच, पण दिवस निवडायला हा हिशेब पुरेसा आहे.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, त्यामुळे ओहोटीला पाणी सगळ्यात लांब हटतं. पण ती ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. पहाटे तुम्ही मुंबईत असता आणि संध्याकाळी परतीच्या बोटीत. ऐन दुपारी किल्ल्याभोवती पाणीच पाणी. अष्टमीला ओहोटी बरोबर बाराच्या सुमारास येते, वेळ अगदी सोयीची, पण ते दिवस भांगाचे. भांगाला भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. पाणी पुरतं हटत नाही आणि कोरड्या वाटेच्या आशेने गेलेले लोक पँट गुडघ्यावर दुमडून विचार करत उभे राहतात.

यातून मार्ग काढायचा तर चतुर्थी, पंचमी, षष्ठी हे तीन दिवस आमच्या पसंतीचे. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो आणि ओहोटी सकाळी सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान सापडते. पहिल्या बोटीने निघालात तर सरळ किल्ल्यावर जायचं, नाश्तासुद्धा नंतर. दुसरी फळी एकादशी-द्वादशीची. तेव्हा ओहोटी दुपारी अडीच ते सव्वातीनला येते. आधी गाव आणि जेवण उरकून मग किल्ला करता येतो, पण परतीच्या बोटीकडे एक डोळा ठेवावा लागतो. त्रयोदशीपासून पुढे आम्ही किल्ल्याचं आश्वासन देत नाही.

एक नियम आम्ही गटाला पाळायलाच लावतो. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी वाळूत उतरायचं आणि वेळ उलटल्यावर तासाभरात किनाऱ्याला परत लागायचं. पाणी समोरून येताना दिसेल अशा भ्रमात राहू नका. ते बाजूच्या खोलगट भागातून आधी भरतं आणि मागची वाट तोडतं. भरतीला कधी होडी मिळते, कधी नाही. तिच्या भरवशावर बेत आखू नये.

किल्ल्यावर काय

१६८० मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याच्या बांधकामाला हात घातला आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे हे आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं झालं. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन इथे चालून आले आणि हात हलवत परतले. तटाचे मोठाले दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. तटाला हात लावून हे जरूर बघा, मुलांना फार आवडतं.

आत गणपती पंचायतनाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, हे बघून लोक दर वेळी थबकतात. उत्तर बाजूला चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत आणि त्या अंगाला सर्जेकोट हा लहानसा जोडकिल्ला. निवांत बघायला दीड तास लागतो. सावली कमी आहे, पाणी बरोबर ठेवा आणि पायात शेवाळावर न घसरणारं काहीतरी असू द्या.

हल्ली एक प्रश्न वारंवार येतो: युनेस्कोच्या यादीत आलेला किल्ला हाच का? नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात या भागातला खांदेरी आहे. तो थळच्या समोर समुद्रात आहे, तिथे वेगळी होडी करून जावं लागतं. अलिबाग आणि खांदेरी एकाच दिवशी, तेही मुंबईहून जाऊन-येऊन, असा बेत आम्ही घेत नाही.

गावात

कान्होजी आंग्र्यांची समाधी छत्रीबागेत आहे. १७२९ मध्ये ते वारले. ज्या माणसाच्या नावाने मुंबईचे इंग्रज धसका घेत, त्याच्या समाधीपाशी बहुतेक दिवशी चार माणसंही नसतात. किल्ला हुकला तरी हे ठिकाण चुकवू नका, बाजारापासून चालत जाता येतं. हिराकोट हा जुना लहान किल्ला आणि त्याचा तलाव जाता-जाता होतो.

इस्रायल आळीत मागेन अबोथ हे बेने इस्रायली समाजाचं प्रार्थनामंदिर आहे. या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून लागले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. शनिवार त्यांचा प्रार्थनेचा दिवस, तेव्हा त्या दिवशी आत बघायला मिळेल असं धरून चालू नका.

चुंबकीय वेधशाळा बाहेरून बघायची, पण तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून मुंबईत कुलाब्याला घेतल्या जात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेने नोंदी बिघडणार हे उघड झालं. मग डॉ. नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळा अलिबागला हलली. १९०४ पासून इथे नोंदी चालू आहेत. इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून पोरबंदरचा दगड निवडला होता.

जेवणाबद्दल थोडक्यात. मासे खाणाऱ्यांनी जिताडा आहे का ते आधी विचारावं, रोज मिळेलच असं नाही. पांढरा कांदा फेब्रुवारी-मार्चपासून रस्त्याकडेला माळा लावून विकायला असतो. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा तिखट नसतो, कच्चा खावा. मडक्यात शेंगा भाजून करायच्या पोपटीची चौकशी हिवाळ्यात बरेच जण करतात, पण तो संध्याकाळचा, शेतावर बसून करायचा कार्यक्रम आहे. परतीची बोट धरायची असेल तर जमणार नाही, त्यासाठी मुक्कामालाच या.

तिथी जुळत नसेल तर

सुट्टी त्याच दिवशी आहे आणि तिथी वाकडी आहे, असं नेहमीच होतं. अशा वेळी अलिबागपर्यंत जाऊच नका, असा आमचा सल्ला. मांडव्याला उतरून रिक्षाने सासवण्याला जा. शिल्पकार नानासाहेब करमरकर इथले. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांच्या हातचा. त्यांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अंगणातली शिल्पातली म्हैस बघून लहान मुलं तिला हात लावायला धावतात. तिथून पुढे किहीमचा किनारा. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास इथेच केला. बसचे दोन फेरे वाचतात, दिवस सुटसुटीत होतो. ज्यांनी भांगाच्या दिवशी हा बेत मानला, ते बहुधा आमच्याशी भांडत नाहीत.

कोणती बोट, कोणत्या महिन्यात

गेटवेच्या बोटी पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात गाडीसकट जाता येतं आणि हवा बरी असेल तर ती पावसाळ्यातही चालते. खवळलेल्या समुद्रात तीही रद्द होते, कधीकधी अगदी सकाळी. म्हणून जुलै-ऑगस्टची एका दिवसाची सहल आम्ही विकत नाही.

घरात गुडघेदुखीची मंडळी असतील तर रो-रोच बरी. गेटवेला ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्या निसरड्या असतात, हलत्या बोटीत पाऊल टाकताना आजी-आजोबांची तारांबळ होते. बोट लागणाऱ्यांनी जाताना काळजी करू नये, हिवाळ्यात सकाळी समुद्र शांत असतो. दुपारनंतर वारा सुटतो आणि परतताना बोट डुलते. माथेरानच्या गाडीत ज्यांना त्रास होतो त्यांनी दुपारचं जेवण बेताचं ठेवावं.

डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाच्या बोटीला अपघात झाल्यापासून गेटवेला लाईफ जॅकेटचा आग्रह धरतात. उकडतं म्हणून ते मांडीवर घेऊन बसू नका. आमच्या गटात ते अंगावरच असेल.

रस्त्याचं काय, असंही विचारलं जातं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं, पण वडखळनंतरचा रस्ता सुट्टीच्या दिवशी तसाच आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी दहा-बाराजणांचा गट असेल तर गाडी करून जाणं परवडतं. शनिवार-रविवारी बोट.

आमच्याकडे फोन करताना

तीन गोष्टी सांगा: कोणत्या तारखा चालतील (एक नव्हे, दोन-तीन), साठीच्या पुढचे किती जण आहेत, आणि किल्ल्यावर जायचंच आहे की किनारा पुरे. किल्ला हवा असेल तर आम्ही तारीख सुचवतो. ती मान्य नसेल तर बुकिंग "किल्ल्याविना" असं लिहून घेतो, म्हणजे नंतर वाद नको. हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत किंवा दुसरी तारीख, यातलं काय हवं ते तुम्ही सांगायचं. उशीर झाल्याने तुमची पहिली बोट चुकली तर मात्र पुढच्या बोटीने या. आमचा माणूस गटाला घेऊन किल्ल्याकडे निघालेला असेल, कारण ओहोटी तुमच्यासाठी थांबणार नाही.