व्हरमाँटमधील राष्ट्राध्यक्षीय मतदान

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रदेशातील एक लहान राज्य. लोकसंख्या ६,४३,०७७ (२०२०). राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत त्याच्या वाट्याला ३ निर्वाचक मते (राष्ट्राध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या, राज्यवार नेमलेल्या निर्वाचकांची मते) येतात. याहून कमी मते कोणत्याच राज्याला नसतात. १८५६ ते १९६० या काळातील सलग २७ निवडणुकांत ही मते रिपब्लिकन पक्षाकडे गेली. १९९२ ते २०२४ या काळातील ९ निवडणुकांत ती डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. या दोन टोकांमुळे व्हरमाँटचा उल्लेख ‘कूस बदललेले राज्य’ असा केला जातो. कूस नेमकी राज्याने बदलली की पक्षांनी, याविषयी मात्र मतभेद आहेत.

१७७७ पासून स्वतंत्र प्रजासत्ताक म्हणून कारभार केल्यानंतर व्हरमाँट ४ मार्च १७९१ रोजी चौदावे राज्य म्हणून संघात आले. १७९२ च्या निवडणुकीत त्याच्या वाट्याला ४ निर्वाचक होते. त्यांपैकी तिघांनीच मत दिले आणि ती तिन्ही मते जॉर्ज वॉशिंग्टन यांना पडली. १८२४ पर्यंत निर्वाचकांची निवड विधिमंडळ करीत असे. सामान्य मतदारांना हा अधिकार १८२८ च्या निवडणुकीत प्रथम वापरता आला.

१७९६ च्या निवडणुकीतील व्हरमाँटच्या ४ मतांचा वाद अभ्यासकांना आजही खुणावतो. निर्वाचक कोणत्या पद्धतीने नेमायचे हे राज्याने रीतसर कायदा करून ठरवलेले नाही, विधिमंडळाने नुसता ठराव करून माणसे नेमली आहेत, तेव्हा ही मते बाद ठरतात, अशी आवई त्या हिवाळ्यात उठली होती. तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन मते देत असे. निकाल अटीतटीचा होता : जॉन ॲडम्स ७१, टॉमस जेफर्सन ६८. व्हरमाँटची चारही मते ॲडम्स यांच्या पारड्यात होती. ती वगळली असती, तर ॲडम्स ६७ वर आले असते. पुढचा हिशेब बहुमत कशाचे मोजायचे यावर अवलंबून होता. नेमलेल्या एकूण १३८ निर्वाचकांतून हे चौघे वजा केले तर उरतात १३४, त्यांचे बहुमत ६८, म्हणजे जेफर्सन नेमके काठावर निवडून आले असते. चौघांची नेमणूक वैध पण मते अवैध असे मानले, तर बहुमताचा आकडा ७० वरच राहिला असता, तो कोणीच गाठला नसता आणि निवड काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाकडे गेली असती.

प्रत्यक्षात यांपैकी काहीच घडले नाही. ज्यांचा लाभ व्हायचा त्या जेफर्सन यांनीच जानेवारी १७९७ मध्ये जेम्स मॅडिसन यांना पत्राने कळवले, की एवढ्या मोठ्या प्रकरणात आशय पाहावा, तांत्रिक रूप नव्हे. ८ फेब्रुवारी १७९७ रोजी झालेल्या मतमोजणीचे अध्यक्षस्थान उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने ॲडम्स यांच्याकडेच होते. आकडे जाहीर केल्यावर ते क्षणभर खाली बसले, अशी नोंद मिळते. आक्षेप असल्यास सदस्यांनी घ्यावा म्हणून ही संधी दिली, असा तिचा अर्थ काहींनी लावला आहे. तो आकर्षक असला, तरी बसण्याला इतर साधी कारणेही असू शकतात. आक्षेप आला नाही, एवढे निश्चित.

१८०४ ते १८२० या काळात राज्याने जेफर्सन, मॅडिसन आणि मन्रो यांना साथ दिली. त्यांच्या पक्षाला आजच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा पूर्वज मानावे काय, हा वेगळा विषय आहे. तसे न मानणेच सोयीचे. १८३२ ची निवडणूक मात्र विलक्षण ठरली. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेची गुपिते छापण्याच्या बेतात असलेला विल्यम मॉर्गन १८२६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बेपत्ता झाला आणि त्यातून मेसनविरोधी पक्ष उभा राहिला. या पक्षाचे उमेदवार विल्यम वर्ट यांनी देशभरात एकच राज्य जिंकले, ते व्हरमाँट. त्यांना सुमारे ४० टक्के मते आणि ७ निर्वाचक मिळाले. हे वर्ट स्वतः एकेकाळी मेसन होते! यानंतर १८३६ ते १८५२ या काळात राज्य व्हिग पक्षाकडे, म्हणजे डेमोक्रॅटांच्या तेव्हाच्या मुख्य प्रतिस्पर्ध्याकडे, राहिले. गुलामगिरीविरोधी भावना, काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट चर्चचा पगडा आणि लोकरीच्या धंद्यामुळे संरक्षक जकातीला असलेला पाठिंबा ही त्याची कारणे सांगतात. व्हिग पक्ष मोडला तेव्हा हाच मतदार थेट रिपब्लिकन पक्षात गेला.

पुढची शंभर वर्षे बहुतेक एकसुरी आहेत. व्हरमाँटमध्ये जन्मलेल्या कॅल्विन कूलिज यांचे उदाहरण तेवढे अपवादाने नोंदवण्याजोगे. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष कूलिज प्लिमथ नॉच या खेड्यात वडिलांकडे होते. ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, नोटरी असलेल्या वडिलांनीच मुलाला पदाची शपथ दिली. नोटरीला हा अधिकार आहे काय अशी शंका निघाल्याने कूलिज यांनी नंतर वॉशिंग्टनमध्ये गुपचूप पुन्हा शपथ घेतली; म्हणजे रूप आणि आशय यांचा झगडा इथेही सुटला नाही. १९२४ मध्ये त्यांना राज्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक मते मिळाली.

१९१२ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी दोनच राज्ये जिंकली, यूटा आणि व्हरमाँट. येथे रिपब्लिकन पक्षातून फुटून उभे राहिलेले थिओडोर रूझवेल्ट जेमतेम बाराशे मतांनी मागे राहिले. १९३६ मध्ये डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या लाटेत रिपब्लिकन उमेदवार ॲल्फ लँडन यांच्याकडे मेन (५) आणि व्हरमाँट (३) एवढीच राज्ये उरली. ‘मेन जिकडे, देश तिकडे’ ही जुनी म्हण रूझवेल्ट यांचे प्रचारप्रमुख जेम्स फार्ली यांनी तेव्हा ‘मेन जिकडे, व्हरमाँट तिकडे’ अशी फिरवली. त्याच वर्षी मार्चमधील गावसभांत मतदारांनी ग्रीन मौंटन पार्कवे हा केंद्राच्या पैशाने व्हायचा रस्ता नाकारला होता. या कौलाला रूझवेल्टविरोधाची नांदी म्हणण्याची प्रथा आहे. मात्र रस्त्यावरील मतदानात राज्याच्या उत्तर आणि दक्षिण भागांत फरक दिसतो, त्यामुळे स्थानिक हितसंबंधांचा वाटा अधिक असावा.

१९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांना सुमारे ६६ टक्के मते पडली. डेमोक्रॅटिक उमेदवाराने हे राज्य जिंकण्याची ही पहिलीच वेळ. तत्पूर्वी १९६२ मध्ये फिलिप हॉफ गव्हर्नर म्हणून निवडून आले होते. १८५३ नंतर त्या पदावर निवडून आलेले ते पहिले डेमोक्रॅट. १९६५ पर्यंत राज्याच्या प्रतिनिधिगृहात दर गावाला एक जागा होती. मूठभर वस्तीच्या खेड्यालाही बर्लिंग्टन या सर्वांत मोठ्या शहराएवढेच वजन होते. ते त्या वर्षी संपले. १९६८ ते १९८८ या काळात राष्ट्राध्यक्षपदासाठीची मते पुन्हा रिपब्लिकनांकडे गेली.

बदलाचे श्रेय सहसा बाहेरून आलेल्यांना दिले जाते. महामार्ग झाले, शहरे सोडून शेतीकडे वळलेले तरुण आले, आणि १९६० ची ३.९ लाख लोकसंख्या १९८० मध्ये ५.११ लाखांवर गेली. हे खरे असले तरी अपुरे आहे. येथील जुने रिपब्लिकन मवाळ वळणाचे होते. १९८० मध्ये रेगन जिंकले तरी पक्षाबाहेर पडलेले मवाळ उमेदवार जॉन अँडरसन यांनी सुमारे १५ टक्के मते घेतली. २००१ मध्ये राज्याचे रिपब्लिकन सिनेटर जेम्स जेफर्ड्स यांनी पक्ष सोडला, तोही पक्ष आपल्यापासून दूर गेला असे सांगत. कूस पक्षाने बदलली, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते.

१९९२ मध्ये क्लिंटन यांनी सुमारे ४६ टक्के मतांवर राज्य घेतले. अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना जवळपास २३ टक्के मिळाली. २०१६ मध्ये उमेदवार नसतानाही राज्याचे सिनेटर बर्नी सँडर्स यांचे नाव १८,२१८ मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिले. २०२० मध्ये बायडन यांना आणि २०२४ मध्ये हॅरिस यांना कोणत्याही राज्यातील सर्वाधिक टक्केवारी येथे मिळाली. २०२४ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) ट्रम्प यांच्या विरोधात निकी हेली यांनी जिंकलेले एकमेव राज्यही हेच. २०१७ पासून गव्हर्नरपदी असलेले फिल स्कॉट रिपब्लिकन आहेत. २०२० मध्ये आपण बायडन यांना मत दिल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले होते. त्या वर्षी ट्रम्प यांनी राज्यात एकच काउंटी जिंकली, ती ईशान्य कोपऱ्यातील विरळ वस्तीची एसेक्स.