भागाकार सोपा, आकडे अवघड

पाणी तापवायच्या रॉडला 230 व्होल्ट दाबाचा पुरवठा आहे आणि त्यातून 4.35 अँपिअर प्रवाह वाहतोय. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, निघतो, साधारण 53 ओहम. हाच ओहमचा नियम. गुणलं की शक्ती निघते, 1,000 वॅट. दहावीच्या मुलाला मिनिटभराचं काम. यातला भागाकार-गुणाकार कधीच अवघड नव्हता. भागायला आणि गुणायला लागणारे आकडेच नव्हते, आणि ते सगळ्यांना मान्य होतील असे मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज गृहस्थाने 1781 मध्ये मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचनळ्यांतून वीज सोडून पाहिली. प्रवाह मोजायचं यंत्र तेव्हा नव्हतं, म्हणून मधे तो स्वतःच उभा राहिला आणि झटका कमी की जास्त हे अंगावर घेऊन ठरवत गेला. तरीही तो नियमाच्या अगदी जवळ पोचला होता. पण त्याने ते छापलंच नाही. त्याच्या टिपणवह्या भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने संपादित करून 1879 मध्ये बाहेर काढल्या, तोवर नियमाला दुसऱ्याचं नाव लागून गेलं होतं.

तो दुसरा म्हणजे गेओर्ग झिमॉन ओहम. जन्म 1789, गाव एर्लांगेन, बाप कुलपं करणारा कारागीर. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता तो प्रयोग करायचा आणि उपकरणंही बरीचशी स्वतःच घडवायचा. 1825 मध्ये त्याने तारेची लांबी आणि प्रवाहाचा परिणाम यांचा संबंध सांगणारं सूत्र छापलं. त्यात लॉगॅरिदम होता, आणि ते चुकीचं होतं.

दोष त्याच्या गणितात नव्हता, बॅटरीत होता. त्या काळची जस्त-तांब्याची बॅटरी जोडल्या क्षणापासून मंदावत जायची. तार बदलेपर्यंत मूळ दाबच बदललेला असायचा. मग एका विज्ञान नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी सुचवलं, बॅटरी सोडा आणि उष्णतेवरची वीज वापरा. झेबेक या संशोधकाने 1821 मध्येच दाखवलं होतं की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की प्रवाह वाहतो. ओहमने बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणजे दाबही हलत नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतली खरी युक्ती हीच.

जानेवारी 1826 मध्ये त्याने एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंत. वर टांगलेली चुंबकसुई प्रवाहामुळे वळायची. तिला मूळ जागी आणायला किती पीळ द्यावा लागतो, तोच प्रवाहाचा आकडा. या वेळी लॉगॅरिदम गेला आणि साधा भागाकार उरला. वर दाब, खाली उरलेल्या मंडलाचा, म्हणजे प्रवाहाच्या बाकीच्या वाटेचा, रोध अधिक तारेची लांबी. म्हणजे ओहमचा रोध ओहममध्ये नव्हताच, तो इंचांत होता!

1827 मध्ये त्याने सगळं गणित पुस्तकरूपाने मांडलं. जर्मनीत थंड स्वागत झालं. 1828 मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली, पुढची पक्की जागा न्यूरेंबर्गला मिळाली ती 1833 मध्ये. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे नाव झालं.

त्याच सुमारास मँचेस्टरजवळ, दारूभट्टीवाल्याचा मुलगा जेम्स ज्यूल पाण्यात तारेची गुंडाळी बुडवून थर्मामीटर वाचत बसला होता. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, आणि तेवढ्याच प्रवाहाला रोध दुप्पट केला तर दुप्पट, हे त्याने 1841 मध्ये छापलं. ओहमचा नियम यात मिसळला की दाब गुणिले प्रवाह हे शक्तीचं सूत्र आपसूक निघतं.

तरी एककांचा घोळ होताच. तारखात्याचे अभियंते रोध सांगायचे तो अमुक जाडीच्या तारेचे इतके मैल असा, आणि प्रत्येक देशाची तार वेगळी. 1858 ची समुद्राखालून तारा पाठवणारी अटलांटिक केबल काही आठवड्यांत मेली, लाल समुद्रातून हिंदुस्थानकडे टाकलेली केबलही 1860 च्या सुमारास निकामी झाली. समुद्राच्या तळाशी पैसा बुडाल्यावर मोजमापाची निकड सगळ्यांना पटली. 1861 मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने रोधाच्या मानकासाठी समिती नेमली, भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन तिच्यात होते आणि पुढे मॅक्सवेलही आले. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकली, तेव्हा मोजायला ठरलेलं एकक हाताशी होतं. ओहम, व्होल्ट, अँपिअर यांच्यावर आंतरराष्ट्रीय शिक्का बसला तो 1881 च्या पॅरिस परिषदेत.

वॅट राहिला होता. एडिसनने दिव्यांसाठी हेच गणित उलटं वापरलं होतं: तांब्याच्या तारा महाग, म्हणून प्रवाह कमी हवा, म्हणून दाब 110 व्होल्टच्या आसपास आणि दिव्याचा रोध शंभर ओहमहून अधिक. सप्टेंबर 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून त्याने वीज विकायला सुरुवात केली. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, ब्रिटिश असोसिएशनच्या साउथॅम्प्टनच्या सभेत अभियंता विल्यम सीमेन्सने सुचवलं होतं की एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर याला वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटचं नाव द्यावं. अश्वशक्ती हे माप खुद्द वॅटनेच रूढ केलेलं, आणि एका अश्वशक्तीचे वॅट होतात 746. आपल्याकडे विहिरीवरची मोटर अजूनही ‘पाच एचपी’चीच असते; तिला 3,730 वॅटची म्हणणारा शेतकरी मला तरी भेटलेला नाही.