माइल्ड हायब्रिड आणि स्ट्राँग हायब्रिड: सिग्नलला एसीवर लक्ष ठेवा

मारुती सुझुकीची ग्रँड विटारा सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली, ती पेट्रोल इंजिनाला विजेची जोड देणाऱ्या, म्हणजे हायब्रिड, अशा दोन वेगळ्या यंत्रणा घेऊन. माइल्ड यंत्रणेला कंपनी ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणते, स्ट्राँगला ‘इंटेलिजंट इलेक्ट्रिक हायब्रिड’. टोयोटाच्या हायरायडरमध्येही हीच जोडी आहे. तिथे पहिलीचं नाव ‘निओ ड्राइव्ह’. नावं ऐकून वाटतं की एक साधी आणि एक जरा महागडी, बाकी वस्तू तीच. प्रत्यक्षात बॉनेटखाली दोन निराळ्या गाड्या आहेत.

ओळखायचं कसं? मे महिन्यात एसी लावून सिग्नलला थांबा. इंजिन बंद झाल्यावर थोड्या वेळात नुसता वारा येऊ लागला, केबिन तापली आणि मग इंजिन आपोआप सुरू झालं, तर ती माइल्ड. इंजिन बंद असूनही गार हवा येत राहिली आणि हिरवा दिवा लागल्यावर गाडी इंजिनाच्या आवाजाशिवाय पुढे सरकली, तर ती स्ट्राँग. माइल्डमध्ये एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर चालतो, स्ट्राँगमध्ये तो विजेवर चालतो. बाकीचा बराचसा फरक याच एका गोष्टीतून उलगडतो.

माइल्डमध्ये नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी बेल्टने जोडलेला स्टार्टर-जनरेटर असतो आणि नेहमीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीसोबत एक छोटी लिथियम बॅटरी. याची कामं तीन: सिग्नलला बंद झालेलं इंजिन पटकन चालू करणं, वेग घेताना इंजिनाला किंचित ढकलणं, आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत गोळा करणं. चाकं एकट्याने फिरवायची ताकद त्याच्यात नाही. इंजिन १,४६२ सीसीचं, चार सिलिंडरचं, १०३ पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच).

स्ट्राँगमधलं इंजिन टोयोटाचं: १,४९० सीसी, तीन सिलिंडर, अ‍ॅटकिन्सन सायकलचं. यात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबण्याच्या फेरीपेक्षा प्रसरणाची फेरी लांब पडते आणि त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. बदल्यात खालच्या आरपीएमला दम कमी. ती उणीव मोटर भरून काढते. इंजिन ९२ पीएसचं आणि मोटर ८० पीएसची, मग एकत्रित ताकद १७२ नसून ११५ च्या आसपास का, असा प्रश्न शोरूममध्ये हमखास येतो. कारण पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मोटरला लागणारी बरीचशी वीज इंजिनच जनरेटरमार्फत तयार करत असतं. ती ताकद दोनदा मोजून चालत नाही. बॅटरीतून येणारी वरची भर ढोबळमानाने २३ पीएसची.

ही बॅटरी केवढी? ०.७६ किलोवॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरच्या भाषेत पाऊण युनिट. मारुतीच्याच इलेक्ट्रिक ई-विटाराची मोठी बॅटरी ६१ युनिटांची आहे. म्हणून स्ट्राँग हायब्रिडला चार्जिंगचा प्लग नसतो, असता तरी त्याचा काही उपयोग नव्हता. ही बॅटरी साठा करण्यासाठी नाहीच. ती दर मिनिटाला भरते, रिकामी होते, पुन्हा भरते.

गिअरबॉक्सला ‘ई-सीव्हीटी’ म्हणतात, पण नेहमीच्या सीव्हीटीत, म्हणजे पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, असतो तो पट्टा यात नसतो. एकच ग्रहमाला गिअरसंच (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो) इंजिन, जनरेटर आणि मोटर यांच्यात ताकद वाटून देतो. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. रिव्हर्स गिअरही नाही, मोटर उलटी फिरते इतकंच.

आता मायलेज. कंपनीचा दावा माइल्ड मॅन्युअलला लिटरमागे २१.११ किलोमीटर आणि स्ट्राँगला २७.९७. यातला माइल्डचा आकडा जपून घ्यावा. आपल्याकडच्या चाचणीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, तिच्यात थांबे भरपूर असतात आणि एसी बंद असतो. इंजिन बंद-चालू यंत्रणेला याहून सोयीची परीक्षा सापडणार नाही. जुलै २०२३ मध्ये मारुतीने ब्रेझाच्या मॅन्युअल गाड्यांमधून माइल्ड हायब्रिड काढलं, तेव्हा दाव्याचा आकडा २०.१५ वरून १७.३८ वर आला. कागदावर हा फरक मोठा आहे. पुण्याच्या उन्हाळ्यात, एसी चालू आणि एक पाय सतत क्लचवर, अशा गाडीत तो बराच आटतो, कारण एसीची गरज वाढली की यंत्रणा इंजिन बंदच करत नाही. सीट बेल्ट न लावणं, बॅटरी उतरलेली असणं, इंजिन थंड असणं, यांपैकी काहीही झालं तरी हेच होतं.

स्ट्राँगचा फायदा गर्दीत सर्वात जास्त आणि एक्स्प्रेसवेवर सर्वात कमी. ताशी १०० ने सलग चालवली तर गोळा करायला ब्रेकची ऊर्जाच नसते. घाटात आणखी मजा. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे सुमारे ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा दोन युनिटांच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. घर्षण आणि वारा यांत त्यातली बरीच जाते, तरी पाऊण युनिटाची बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. मग इंजिन मोठ्याने फिरू लागतं. ते बिघडलेलं नसतं, गाडीला रोखून धरत असतं. उतारावर आधीच लिव्हर ‘बी’ मध्ये, म्हणजे गाडीला जास्त रोखून धरणाऱ्या स्थितीत, टाकावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

कंपनी दोन्ही का ठेवते? मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं आणि मोठ्या गाड्यांत जास्त मायलेजची जागा रिकामी झाली. ती स्ट्राँग हायब्रिडने भरली, तीही टोयोटाचं तंत्र आणि तिचाच कर्नाटकातल्या बिडदीचा कारखाना वापरून. दुसरं कारण सरकारी नियमांचं. २०२२-२३ पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरमागे ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास ठेवावी लागते. पेट्रोलमध्ये हे साधारण लिटरमागे २१ किलोमीटर. स्ट्राँग हायब्रिड ८५ ग्रॅमच्या घरात बसते आणि त्या हिशेबात एक गाडी दोन धरली जाते. माइल्ड स्वस्तात थोडी सवलत मिळवून देते. २०१७ पर्यंत केंद्राचं अनुदानही माइल्डला मिळत होतं, ते बंद झालं. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये नोंदणी कर माफ केला, तो फक्त स्ट्राँग आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज होणाऱ्या) हायब्रिडला.

सुरक्षिततेच्या बाबतीत ‘हायब्रिड’ या शब्दाने काही सिद्ध होत नाही. सहा एअरबॅग २०२५ पासून ग्रँड विटाराच्या दोन्ही प्रकारांत आहेत. स्ट्राँगला मात्र स्वतःच्या काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. कमी वेगात ती ऐकू येत नाही, म्हणून पादचाऱ्यांसाठी कृत्रिम आवाज दिलेला आहे. इंजिन शांत आहे म्हणून गाडी बंद समजून उतरू नका. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असेल तर बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही स्वतःहून सुरू होऊ शकतं आणि धूर कोंडतो. बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावू नये. बॅटरीला हवा देणाऱ्या जाळीवर पिशवी किंवा कुत्र्याचे केस साचले तर बॅटरी तापते आणि मायलेज पडतं. आणि गंमत म्हणजे एवढी मोठी यंत्रणा साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवाचून जागी होत नाही. महिनाभर उभी ठेवली आणि ती बॅटरी उतरली तर ‘रेडी’ येतच नाही.

माइल्डचं दुखणं साधं: बेल्ट आणि बॅटरी. बॅटरी बदलताना बंद-चालू गाड्यांसाठीची ईएफबी जातीचीच घ्यावी. स्वस्तातली साधी घातली तर ती लवकर मरते.

पैशांचं गणित स्वतःच्या किलोमीटरवर मांडा. समजा शहरात माइल्ड १४ देते, स्ट्राँग २१, पेट्रोल १०५ रुपये आणि किमतीतला फरक २ लाख. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे २४ लिटर म्हणजे अडीच हजार रुपये वाचतात. फरक भरून निघायला जवळपास पावणेसात वर्षं. २,००० किलोमीटर चालवत असाल तर सव्वातीन वर्षं. ५०० च चालवत असाल तर तेरा वर्षं, तोवर बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी संपलेली असेल. शिवाय डिकी ३७३ लिटरवरून २६५ वर येते. गणपतीला चौघांचं सामान घेऊन गावी जाणाऱ्याने बॅगा घेऊनच शोरूम गाठावं.

जुनी गाडी घेताना आरसीवर ‘पेट्रोल/हायब्रिड’ वाचून भुलू नका, माइल्ड एर्टिगाच्या आरसीवरही तेच सापडतं. लिव्हरवर ‘बी’ आहे का आणि बॉनेटखाली नारिंगी वायर दिसते का, एवढं पाहा.